नाहक

जर्मन भाषेत ‘उन्‌रेख्ट’ असा एक शब्द आहे. ‘रेख्ट’ म्हणजे कायदा आणि ‘रेख्ट’ म्हणजेच हक्क. त्याला नकाराचा उपसर्ग लागला की झाले ‘उन्‌रेख्ट’. ही केवळ पंडितांची संज्ञा नव्हे. हिशेब चुकलेल्या माणसालाही तिथे हाच शब्द लावतात, आणि कारण नसता कामावरून काढलेल्या कामगाराविषयी बोलतानाही हाच. चूक आणि अन्याय दोन्ही एकाच शब्दाच्या पोटात.

आपल्याकडे असा शब्द नाही, असे मात्र कोणी समजू नये. ‘नाहक’ हा तोच शब्द. ‘हक’ अरबी, ‘ना’ फारसी; घडण हुबेहूब तीच. पण वापरून वापरून तो झिजला. कचेरी बंद निघाली तर ‘नाहक हेलपाटा पडला’ असे आपण म्हणतो. शब्दातला हक्क गळाला, उरला तो नुसता फुकट गेलेला वेळ.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. गुन्हा नसता ज्यांचे घरदार गेले, त्यांच्या सिंधी बोलीतही हा शब्द आहे. पुढे अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत मराठी, सिंधी, हिंदी बोलणारे एका पाळीत आले. ‘नाहक काढले’ एवढे दोन शब्द तिघांनाही कळतात. दुभाषा लागत नाही.

आता कोणी विचारील, कायद्याने केले तेही नाहक असू शकते काय? इतिहासाचे उत्तर स्पष्ट आहे. १९३३ साली हिटलरच्या सरकारने १ मे हा कामगारदिन भरपगारी सुटीने साजरा करू दिला आणि दुसऱ्याच दिवशी कामगार संघांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. त्या राजवटीचे किती तरी जुलूम रीतसर कायद्याच्या रूपाने झाले. म्हणूनच १९४६ साली गुस्टाव राडब्रुख या माजी न्यायमंत्र्याने ‘कायदेशीर उन्‌रेख्ट’ असा शब्दप्रयोग करून आपला प्रसिद्ध निबंध लिहिला.

आपल्या मुंबई इलाख्याला हा प्रश्न त्याआधीच पडला होता. १९३८ च्या औद्योगिक तंट्यांच्या बिलात, समेटाची ठरलेली प्रक्रिया पुरी होण्यापूर्वीचा संप बेकायदा ठरणार होता. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. बिल बहुमताने मंजूर झाले. बहुमताने कायदा होतो. हक्काचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, हे त्या दिवशी गिरणी कामगाराने दाखवून दिले.

१९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ‘अनुचित कामगार प्रथा’ असे नाव देऊन अशा गोष्टींची यादीच केली. कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली वा हंगामी ठेवणे, हे तिच्या चौथ्या अनुसूचीत आले. ही मोठीच कमाई. परंतु ‘अनुचित’ हा शब्द फार सभ्य आहे. जेवताना मोठ्याने बोलणेही अनुचितच! अर्जात कलम अवश्य लिहावे. पण सभेत बोलताना कामगाराने आपला शब्द सोडू नये.

मात्र तो उधळूही नये. पगारपत्रकात दोन दिवस कमी लागले, तर ती चूक. कारकूनही माणूसच आहे. ती दाखवून दिली आणि पुढच्या पगारात दुरुस्त झाली, तर विषय संपला. दाखवून, लेखी देऊन, पोच घेऊनही ती तशीच राहिली, तर तिचे नाव बदलते. जर्मन माणूस दोहोंना एकच शब्द वापरतो. आपल्याजवळ दोन आहेत. पहिला कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ती जागा नेमकी ओळखणे, हेच आमच्या मते युनियनचे निम्मे काम आहे.