हाडातली क्रेन

१८६६ साल, झुरिक. शरीरशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर मांडीच्या हाडाचे उभे काप दाखवत होते. खुब्याकडच्या टोकाला हे हाड आतून स्पंजसारखं जाळीदार असतं, आणि त्या जाळीतल्या बारीक पट्ट्या कमानींसारख्या वळलेल्या असतात. बघणाऱ्यांत कार्ल कुलमान होते. पुलांचं गणित शिकवणारा माणूस, वैद्यकाशी संबंध शून्य. पण वाकड्या क्रेनवर वजन टांगलं की तिच्यात ताण आणि दाब ज्या रेषांनी जातात, त्याच रेषा त्यांना हाडात दिसल्या. त्यांनी विद्यार्थ्यांकडून हाडाच्या आकाराच्या क्रेनची आकृती काढून घेतली. बऱ्यापैकी जुळली. (इंजिनिअरांनी हा किस्सा पाठच करून ठेवावा.)

पुढे १८९२ मध्ये बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी नियम मांडला: भार बदलला की हाड आपली रचना बदलतं. अंतराळात भारच नाही, म्हणून अंतराळवीरांची हाडं झिजतात.

पण हे गणित करतं कोण? आमच्या भाषेत, आउटपुट समोर होतं, कोड सापडत नव्हता.

त्याचा एक मोठा तुकडा २००६ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठात सापडला. ॲडम एंग्लर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. खाद्य सगळ्यांना एकच. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या फांद्या काढू लागल्या, मध्यम जेलवर स्नायूकडे झुकल्या आणि २५ ते ४० किलोपास्कलच्या जेलवर हाडाकडे. हा कडकपणा पक्क्या हाडाचा नव्हे; खनिज भरण्याआधीच्या कोवळ्या हाडाचा.

मला यातली खरी गंमत पुढे वाटते. बाहेरून कोणीच जोर लावला नव्हता. पेशी स्वतःच पायाखालचा जेल ओढून बघत होती, आपण दोरी ताणून बघतो तशी. ओढायला लागणारं मायोसिन हे प्रथिन औषधाने बंद केलं, तर मऊ-कडक हा भेदच उरला नाही.

या निष्कर्षावर वाद झाला. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने म्हटलं, पेशीला जेलचा कडकपणा नाही, तर त्यावरचा कोलॅजेनचा थर किती पक्का बांधलाय ते कळतं. २०१४ मध्ये एंग्लर यांच्या गटाने त्याला उत्तर दिलं.

दरम्यान प्रयोगशाळेत हाड वाढवणारे नुसत्या रसायनांवर थांबत नाहीत. सच्छिद्र सांगाड्यात पेशी भरून त्यातून द्रव वाहता ठेवतात, म्हणजे पेशींना प्रवाहाचा घासता जोर मिळतो. आणि खुब्यात बसवलेला धातूचा दांडा फार कडक असला, तर सगळा भार तोच उचलतो. शेजारचं हाड बिनकामाचं होऊन विरळ होत जातं.