ओल पाण्याची, राखण तेलाची



आजचा विषय तसा घरगुती आहे : अंगाला तेल लावणं. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं यावर तासभर काय बोलायचं, अशी शंका संयोजकांना आली असणार. पण ते सभ्य आहेत, बोलले नाहीत.

आपण एका बाटलीपासून सुरुवात करू. 1970 च्या सुमारास आम्ही वसतिगृहात राहत होतो. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो 26 ऑगस्ट 1982 ला झाला. धानोऱ्याकडची दोन मुलं आमच्या खोलीत होती. हिवाळ्यात ती सकाळी एक बाटली उन्हात ठेवत. आत तुपासारखं थिजलेलं, पिवळसर काहीतरी असे. ऊन लागलं की ते पातळ होई, आणि मग मुलं ते टाचांना, पोटऱ्यांना चोळत. ते टोळीचं तेल. टोळ म्हणजे पिकावर येणारा किडा नव्हे. आपल्या भागात मोहाच्या बीला टोळ म्हणतात. वास उग्र. आम्ही नाक दाबून हसायचो. आमच्याकडे दुकानातली व्हॅसलीनची डबी होती ना!

या हसण्याचा हिशेब आज करायचा आहे. कारण डबी आणि बाटली, दोन्ही एकच काम करत होत्या. मग हसलो कशाला? याचं उत्तर कातडीत सापडत नाही, इतिहासात सापडतं.

आधी ते काम काय, ते बघू. संस्कृतात तेल-तुपाला 'स्नेह' म्हणतात आणि मायेलाही स्नेहच म्हणतात. वैशेषिकांनी जे चोवीस गुण मोजले, त्यात स्नेह हा एक. पिठाचे कण एकत्र येऊन गोळा होतो, तो या गुणामुळे. आणि हा गुण, त्यांच्या मते, फक्त पाण्यात राहतो. वर्गात हे सांगितलं की एखादा विद्यार्थी हमखास विचारायचा, सर, मग तेलाचं काय? जुन्या शास्त्रकारांनाही तो प्रश्न पडला होता. त्यांनी सांगितलं, तेलातला स्नेहसुद्धा पाण्याचाच, फक्त जास्त उत्कट. म्हणून तेल आग विझवत नाही, उलट जळायला मदत करतं.

रसायनशास्त्र म्हणून हे टिकणार नाही. पण कातडीपुरतं पाहिलं तर त्यात एक खरी गोष्ट सापडते. त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा, आणि मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. चुना झिजला की आतलं पाणी उडून जातं, कातडी ताठरते, भेगा पडतात. तेल त्वचेला पाणी देत नाही. ते फटी बुजवतं आणि आतलं पाणी धरून ठेवतं. म्हणून आंघोळीनंतर अंग दमट असतानाच तेल लावावं. कोरड्या टाचेवर नुसतं थापलं तर उपयोग कमी. ओल पाण्याची असते, तेलाकडे असते ती राखण. आज आपल्याला हाच शब्द धरून पुढं जायचं आहे.

ही राखण आपल्या जंगलात कोण करत होतं? मोहाची फुलं चैत्राच्या आसपास पडतात. त्यांची चर्चा फार, कारण त्यांची दारू होते. टोळ त्यानंतर, मृगाच्या आगेमागे. बाया-पोरं ते वेचतात, फोडतात, वाळवतात. आतल्या गराच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग तेल असतो. तेच तेल कढईत, तेच दिव्यात, तेच अंगाला. स्वयंपाकाचं वेगळं, सौंदर्याचं वेगळं, अशी कपाटं त्या घरात नव्हती. उरलेली ढेपही वाया जात नसे. तिच्यात फेस करणारं द्रव्य असतं. तिनं केस धुता येतात आणि डोहातले मासेही गुंगवता येतात. खरजेसाठी करंजाचं तेल वेगळं. म्हणजे कोणतं तेल कशाला, याचा विवेक होता. फक्त तो कागदावर नव्हता, हातात होता.

तेल काढायला घाणी लागते. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ 1916 मध्ये निघाला. त्यात तेली समाजातले भेद नोंदलेत : एकबैले आणि दोनबैले. म्हणजे घाणीला एक बैल जुंपणारे आणि दोन जुंपणारे. एका बैलाच्या फरकावरून पोटजात पडते, यावरून घाणी गावच्या जगण्यात किती खोल रुतलेली होती ते कळतं. झाड जंगलात, वेचणारे हात एका समाजाचे, घाणी दुसऱ्याची. पण सगळं दोन-चार कोसांत. टोळ गावातून निघे आणि तेल होऊन गावातच परत येई.

हे वर्तुळ कसं तुटलं? ते एका दिवसात तुटलं नाही.

पहिला घाव दिव्यावर बसला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमिनीतून निघालेलं तेल बाजारात आलं. आपली भाषा बघा किती पाहुणचार करते. खोबरेल, एरंडेल, करंजेल या पंगतीत 'रॉक ऑइल'ही रॉकेल होऊन बसलं! मुळात 'तैल' म्हणजे तिळाचं ते; आता दगडाचंही तेल झालं. दिव्यातून टोळीचं तेल गेलं, म्हणजे घाणीचं एक मोठं गिऱ्हाईक गेलं.

दुसरा घाव वाहतुकीचा. वरोऱ्याच्या कोळशासाठी 1870 च्या दशकात वर्ध्याहून रेल्वे आली. रेल्वे, व्यापारी, बंदर अशी साखळी जुळली की बीचं तेल गावात काढायची गरजच उरत नाही. पहिल्या महायुद्धाआधी मोहाच्या बिया देशातून जहाजानं युरोपात, मुख्यतः जर्मनीत जात होत्या, साबणासाठी. पुढं देशातल्याच साबण कारखान्यांनी हे तेल उचललं. टोळ वेचणारी बाई तीच राहिली. पण आता ती कच्चा माल विकते आणि वडी विकत आणते.

तिसरा घाव आमच्या त्या डबीचा. त्याची गोष्ट मोठी बोलकी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्याला एक मेणचट थर जमायचा. कामगारांना तो नकोसा, पण कापलं-भाजलं की ते तोच लावत. रॉबर्ट चीझब्रो नावाच्या रसायनज्ञानं ते पाहिलं, तो पदार्थ शुद्ध केला आणि 1872 मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. म्हणजे डबीतलं ज्ञानसुद्धा मुळात कष्टकऱ्यांच्या हातातलंच होतं! फरक एवढाच की त्याला नाव, पेटंट आणि झाकण मिळालं. आम्ही झाकणाला मान दिला आणि बाटलीला हसलो.

हे वर्तुळ पुन्हा जोडायचा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला. 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी घाणी सुधारण्याच्या मागे लागले : कमी श्रमात जास्त तेल कसं निघेल, बैलावरचा ताण कसा कमी होईल. रॉकेलऐवजी वनस्पतितेलावर जळणारा मगनदीपही तिथं तयार झाला. कुमारप्पांचा प्रश्न साधा होता : बी गावाबाहेर गेली, तर तिच्याबरोबर काय काय जातं? तेल जातं, ढेप जाते, रोजगार जातो. आम्ही त्यात एक भर घालतो : पारख जाते. तेल चांगलं की खवट, हे बोटाला कळेनासं होतं.

आता जरा थांबून वरोऱ्याकडे वळू. कारण कातडीच्या राखणीची खरी कसोटी तिथं लागली. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. त्यासाठी ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकून आले होते. कुष्ठरोगावर तोवर मुख्य उपाय होता तो एका बियांच्या तेलाचाच : चौलमुगरा. सुश्रुतानं सांगितलेलं तुवरक हे त्याच कुळातलं. 1854 मध्ये कलकत्त्यात मौआट नावाच्या डॉक्टरानं ते पाश्चात्त्य वैद्यकात नेलं. तेल पोटात घेतलं तर मळमळ, टोचलं तर गाठी. 1915-16 च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुण रसायनज्ञ बाईंनी त्याचं टोचता येईल असं रूप तयार केलं. त्या 24 व्या वर्षी वारल्या, आणि श्रेय बराच काळ दुसऱ्याच्या नावावर राहिलं.

मग सल्फोन औषधं आली, 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, आणि चौलमुगरा मागं पडलं. ते योग्यच झालं. जंतू मारणं हे तेलाचं काम नव्हे, आणि आज कुणी तेलानं कुष्ठरोग बरा करतो म्हणाला तर त्याला दाराबाहेरच ठेवा. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.

पण औषधानं जंतू मेले तरी मेलेली नस परत येईलच असं नाही. नस गेली की घाम थांबतो, तळवा कोरडा पडतो, भेग पडते. संवेदना नसल्यामुळे भेग कळत नाही. भेगेची जखम होते आणि जखमेपायी बोटं जातात, पाऊल जातं. त्यावरचा उपाय आजही तोच : पाय वीस-तीस मिनिटं साध्या पाण्यात बुडवायचे, गरम नको, कारण चटका कळत नाही, मग जाड कातडी हलकेच घासायची आणि ओल्या पायाला तेल लावायचं. रोज, जन्मभर. इथं तेल सौंदर्यासाठी नाही. ते चालता येण्यासाठी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत कुष्ठरोग अजून संपलेला नाही, म्हणून हे इतकं सविस्तर सांगितलं.

सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना स्वतःच्या हातानं मालिश करत. स्नेह शब्दाचे दोन्ही अर्थ तिथं एका हातात आले.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, नाहीतर जंगलाचं म्हणून सगळं चांगलं असा समज होईल. सगळी तेलं सारखी नसतात. बांगलादेशात अकाली जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी घटल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. उलट मोहरीच्या तेलानं त्वचेचं आवरण बिघडतं, असं प्रयोगशाळेत उंदरांवर दिसलं. म्हणून सूर्यफुलाचा निष्कर्ष टोळीला चिकटवू नये. आणि तान्ह्या बाळाच्या नाका-कानात तेल सोडायची आपली जुनी सवय तर बंदच करावी. परंपरेचा आदर करायचा म्हणजे तिची परीक्षा माफ करायची, असं नाही.

आता शेवट. 2006 चा वनहक्क कायदा आला, आणि 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू, मोह, टोळ, सगळी गौण वनोपज कायद्यानं ग्रामसभेची झाली. टोळीला किमान आधारभूत किंमतही 2013-14 पासून जाहीर होते. म्हणजे झाड परत मिळालं. बीला भाव मिळाला. तेल मात्र अजून घरी परतलेलं नाही. पोती भरून जातात आणि डब्या येतात. हक्काचा कागद मिळाला की ज्ञान आपोआप परत येत नाही, ते बोटांनी पुन्हा शिकावं लागतं. शिकवू शकतील अशा आज्या अजून काही गावांत आहेत. त्यांच्याशी बोलायला आपल्या हातात फार वर्षं नाहीत.

वसतिगृहातल्या त्या दोन मुलांची आम्ही कधी माफी मागितली नाही. आज या सभेत मागतो. पुढच्या हिवाळ्यात कुणाच्या खिडकीत अशी बाटली दिसली, तर हसू नका. विचारा, कोणी काढलं, कुठल्या झाडाचं.