जॅझचा ड्रमर गाण्यात हरवत कसा नाही? समजून घ्या ३२ बारचं गणित

जॅझचा एखादा व्हिडिओ स्क्रोल करता करता समोर येतो. सॅक्सोफोनवाला डोळे मिटून मनाला येईल ते वाजवतोय, पियानोवाला मध्येच दोन-चार सूर टाकतोय आणि ड्रमर स्वतःच्याच नादात आहे, असं वाटतं. पाच-सात मिनिटं हा सगळा कारभार चालतो आणि अचानक सगळेजण एकाच क्षणी मूळ चालीवर येतात. एक मात्रासुद्धा इकडेतिकडे होत नाही.

समोर नोटेशनचा कागद बहुतेक वेळा नसतो. मग हे जमतं कसं?

याचं अर्धं उत्तर माजलगाव तालुक्यातल्या कुठल्याही सप्ताहात कीर्तन ऐकलेल्या माणसाला आधीच माहिती आहे. बुवा एखादा चरण आळवत कितीही लांब गेले, तरी धृपद कुठे पकडायचं हे मृदंग वाजवणाऱ्याला आणि टाळकऱ्यांना बरोबर कळतं. जॅझचा ड्रमर जवळपास हेच काम करतो. फक्त त्याच्या मदतीला बहुतेक वेळा शब्द नसतात. त्यामुळे त्याचं काम थोडं जास्त अवघड आहे.

आधी ‘बार’ आणि ‘फॉर्म’ म्हणजे काय?

जॅझच्या बहुतेक गाण्यांत चार मात्रांचा एक गट असतो, त्याला ‘बार’ म्हणतात. असे आठ बार मिळून गाण्याचा एक भाग होतो. जॅझमध्ये आजही वाजवल्या जाणाऱ्या कितीतरी जुन्या अमेरिकन गाण्यांत असे चार भाग असतात. पहिला भाग, तोच पुन्हा एकदा, मग एक वेगळा भाग आणि शेवटी परत पहिला. संगीतकार याला ‘ए-ए-बी-ए’ म्हणतात. आपल्या भाषेत ढोबळमानाने सांगायचं तर ‘ए’ म्हणजे मुखडा आणि ‘बी’ म्हणजे अंतरा. या अंतऱ्याला जॅझवाले ‘ब्रिज’ म्हणतात.

हिशोब सोपा आहे. आठ बारचे चार भाग म्हणजे ३२ बार आणि ३२ गुणिले ४ म्हणजे १२८ मात्रा. हे गाण्याचं एक पूर्ण चक्र झालं. या चक्राच्या रचनेलाच ‘फॉर्म’ म्हणतात आणि एका फेरीला ‘कोरस’.

सुरुवातीच्या फेरीत सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. तिला ‘हेड’ म्हणतात. त्यानंतर एकेक वादक आपापला सोलो वाजवतो. इथेच नव्या श्रोत्याचा गैरसमज होतो. सोलोत चाल बदलते, पण चक्र बदलत नाही. खालचे कॉर्ड्स त्याच क्रमाने, त्याच लांबीचे येत राहतात. सॅक्सोफोनवाला मोकाट सुटलेला वाटला, तरी तो त्याच ३२ बारच्या रिंगणात फिरत असतो.

जॉर्ज गर्श्विन यांचं १९३० सालचं ‘आय गॉट रिदम’ हे याचं गाजलेलं उदाहरण. त्या गाण्याचा सांगाडा जॅझवाल्यांना इतका आवडला, की त्यावर पुढे कितीतरी नव्या चाली रचल्या गेल्या.

दुसरा लोकप्रिय फॉर्म म्हणजे १२ बारचा ब्लूज. त्याचं चक्र ४८ मात्रांचं असतं. तो छोटा आहे, म्हणून सोपा वाटतो. पण त्यातही एक गंमत आहे, ती पुढे बघू.

मग हे आपल्या तालासारखंच झालं की?

चक्र आहे, फेरी पूर्ण झाली की पुन्हा पहिल्या मात्रेवर यायचं आहे, म्हणजे तीनताल आणि समेसारखंच झालं, असं वाटू शकतं. इथपर्यंत साम्य खरं आहे. पण एक मोठा फरक आहे आणि ड्रमरची सगळी अडचण त्याच फरकात आहे.

तबल्याच्या ठेक्यात प्रत्येक जागेचा पत्ता लिहिलेला असतो. तीनतालात ‘धा तिं तिं ता’ ऐकू आलं की खाली आली, हे कळतं. एकतालात ‘कत् ता’ आलं की आवर्तनाचा दुसरा अर्धा भाग सुरू झाला. ठेका नीट ऐकला तर आपण कुठे आहोत, हे ठेकाच सांगतो.

आता जॅझचा ड्रमर बघा. उजव्या हाताने तो राइड सिंबलवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, ‘डिंग, डिंग-ग-डिंग’ असा तुकडा वाजवत असतो. पायाने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, मिटवतो. तिसरा बार असो की तेविसावा, हा तुकडा तोच राहतो. घड्याळाची टिकटिक चालू आहे, पण तबकडीवर आकडेच नाहीत, अशी ही अवस्था असते.

त्यात चक्रही लांब. मिनिटाला १२० मात्रांच्या चालीत १२८ मात्रांची फेरी पूर्ण व्हायला ६४ सेकंद लागतात. एवढा वेळ नुसते आकडे मोजत बसलं तर वाजवणार कधी?

म्हणून अनुभवी ड्रमर आकडे मोजत नाही. तो मनातल्या मनात गाणं गात असतो.

हीच या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. समोरचा सोलो कितीही वेगळा असला, तरी ड्रमरच्या डोक्यात मूळ चाल चालू असते. कुणी तुम्हाला ओळखीच्या गाण्याच्या मध्यावर थांबवलं, तर पुढची ओळ कोणती हे मोजून सांगावं लागत नाही. तसंच हे आहे. म्हणूनच नव्या ड्रमरला शिकवताना आधी गाणं पाठ करायला लावतात. शब्द असतील तर शब्दांसकट.

सगळ्यात जास्त गडबड कुठे होते?

मध्ये नाही, सांध्यावर.

‘ए-ए-बी-ए’ एकदा वाजवून झालं की पुढची फेरी लगेच सुरू होते आणि तिची सुरुवातही ‘ए-ए’ अशीच असते. म्हणजे आधीच्या फेरीचा शेवटचा ‘ए’ आणि नव्या फेरीचे पहिले दोन ‘ए’ असे सलग तीन सारखे भाग येतात. तब्बल २४ बार एकसारखे. यातला आपण पहिला वाजवतोय, दुसरा की तिसरा, इथे थोडं लक्ष विचलित झालं की संपलं. बाकीचे अंतऱ्यावर जातात आणि आपण मुखड्यावरच राहतो.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे माइल्स डेव्हिस यांचं ‘सो व्हॉट’. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधलं हे पहिलं गाणं. याचाही फॉर्म ३२ बारचा ‘ए-ए-बी-ए’ आहे, पण कॉर्ड्स जवळजवळ बदलतच नाहीत. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही ‘ए’ पांढरी दोनमध्ये, ‘बी’ आला की सगळं एक पट्टी वर काळी दोनमध्ये आणि शेवटचा ‘ए’ परत पांढरी दोनमध्ये. ऐकायला एकदम शांत, सोपं. वाजवायला मात्र फसवं. कारण सोलो चालू असताना सलग २४ बार पांढरी दोनमध्येच असतात आणि खुणेसाठी फारसं काही हाती नसतं.

ड्रमर नेमकं काय करतो?

मनात गाणं चालू ठेवणं हा पाया. त्यावर आणखी काही गोष्टी येतात.

पहिली, आठ बारच्या तुकड्यांत विचार करायचा. ३२ बार लक्षात ठेवण्यापेक्षा आठ-आठचे चार टप्पे सोपे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या बारमध्ये ड्रमर स्नेअरवर छोटी भर घालतो आणि नव्या टप्प्याच्या पहिल्या मात्रेला हलकी खूण करतो. कीर्तनात धृपदावर येताना मृदंग उठतो, तसंच.

दुसरी, ब्रिज आला की आवाज बदलायचा. बरेच ड्रमर ‘बी’ भागात वेगळी सिंबल वापरतात किंवा थोडं वेगळं वाजवतात. याने सोलो वाजवणाऱ्यालाही कळतं की आपण कुठे आहोत.

तिसरी, बास ऐकायचा. फेरीच्या शेवटच्या दोन बारमध्ये बास आणि पियानो बहुतेक वेळा असे कॉर्ड्स घेतात, की कान आपोआप पहिल्या मात्रेची वाट बघू लागतो. तिहाई सुरू झाली की सम जवळ आल्याचं कळतं, तसाच हा अनुभव.

चौथी, मोजायचंच असेल तर बार मोजायचे, मात्रा नाही. त्यासाठी ‘एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार’ अशी पद्धत आहे. दर बारचा पहिला आकडा बदलतो आणि तोच बारचा नंबर सांगतो. ही युक्ती शिकण्याच्या काळात कामाची आहे. कायम तिच्यावर अवलंबून राहिलं तर वाजवणं यांत्रिक होतं.

यात महत्त्वाचं म्हणजे, या खुणा ड्रमर स्वतःपुरत्या करत नाही. तो चुकीच्या जागी ठळक खूण करून बसला तर बरोबर असलेल्या वादकालाही स्वतःबद्दल शंका येते. एकाच्या चुकीने चौघं भरकटू शकतात. म्हणून बँडमध्ये ड्रमरवर भरवसा असावा लागतो.

‘फोर्स’ची गंमत आणि ब्लूजचा सापळा

सोलो संपत आले की अनेकदा सवाल-जवाब सुरू होतो. चार बार सॅक्सोफोन, चार बार ड्रम, पुन्हा चार बार सॅक्सोफोन. याला ‘ट्रेडिंग फोर्स’ म्हणतात. यावेळीही चक्र तेच चालू असतं.

३२ बारच्या गाण्यात चार-चारचे आठ तुकडे पडतात. सॅक्सोफोनने सुरुवात केली तर ड्रमरच्या वाट्याला ५ ते ८, १३ ते १६, २१ ते २४ आणि २९ ते ३२ हे बार येतात. म्हणजे प्रत्येक भागाचा दुसरा अर्धा त्याचा आणि फेरी संपवण्याची जबाबदारीही त्याचीच.

१२ बारच्या ब्लूजमध्ये मात्र तीनच तुकडे पडतात. पहिल्या फेरीत सॅक्सोफोन, ड्रम, सॅक्सोफोन. त्यामुळे दुसरी फेरी ड्रमपासून सुरू होते आणि क्रम उलटतो. ड्रम, सॅक्सोफोन, ड्रम. आधीच्या गाण्याच्या सवयीने वाजवणारा ड्रमर इथे हमखास फसतो. वर म्हटलेली गंमत ती हीच.

ड्रम सोलो चालू असताना बाकीचे काय करतात?

आपल्याकडे तबला सोलोच्या वेळी हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो. तबलजी कुठेही गेला तरी लेहऱ्यामुळे सम कुठे आहे, हे श्रोत्यालाही कळत राहतं.

जॅझमध्ये ड्रम सोलोला अनेकदा बाकीचे सगळे थांबतात. लेहरा नाही, कॉर्ड्स नाहीत, काहीच नाही. तरीही ड्रमर फॉर्ममध्येच वाजवत असेल, तर बाकीचे वादक मनात तेच गाणं गात उभे असतात आणि पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर एकत्र उतरतात. मॅक्स रोच या ड्रमरची ख्यातीच अशी होती, की त्यांच्या सोलोत मूळ गाण्याची वाक्यं ओळखू येतात.

याला अपवादही आहेत. डेव्ह ब्रुबेक यांच्या चमूचं १९५९ सालचं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं आहे. त्यात जो मोरेलो ड्रम सोलो वाजवत असताना ब्रुबेक पियानोवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतात. हा लेहरा नव्हे, पण काम लेहऱ्याचंच करतो. ब्रुबेक आणि मोरेलो १९५८ च्या जागतिक दौऱ्यात मुंबईतही वाजवून गेले होते.

हे आपल्या मुंबईत आलं कधी?

जॅझ महाराष्ट्राला नवीन नाही. १९३५ साली अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. पुढे गोव्याच्या वादकांनी हे संगीत उचललं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये त्यांना लहानपणीच नोटेशन शिकवलं जायचं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ नावाने मुंबईत गाजले.

हेच वादक दिवसा चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला जात. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये जो पाश्चात्त्य बाज आणला, त्यात चिक चॉकलेट यांची साथ होती. त्या काळात गायक आणि सगळे वादक एकत्रच रेकॉर्डिंग करत. एखाद्याने अंतऱ्याची जागा चुकवली तर सगळं गाणं पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागे.

पुढे १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स येऊन गेले. आणि बेळगावात जन्मलेल्या ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू तबला शिकून जॅझकडे वळला आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासोबत जगभर वाजवून आला.

आणि हरवलाच तर?

चांगले वादकही कधीतरी हरवतात. त्यावरचा उपाय ठरलेला आहे. ठेका सोडायचा नाही, आवाज कमी करायचा आणि कुठलीही ठळक खूण करायची नाही. मग ब्रिजची वाट बघायची. अंतरा वेगळा वाजतो, तो ऐकू आला की जागा सापडते. सोलो संपवून मूळ चालीवर यायचं असेल तर म्होरक्या स्वतःच्या डोक्यावर बोटाने टकटक करतो. याचा अर्थ ‘हेड’. चार बोटं दाखवली तर ‘फोर्स’.

आता तुम्हीच करून बघा

मोबाइलवर ‘सो व्हॉट’ लावा. सुरुवातीचा संथ भाग जाऊ द्या. मग बास एक वाक्य बोलतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात, तिथून पहिला ‘ए’ सुरू होतो. दर आठ बारला एक बोट मिटा. तिसऱ्या बोटाला सगळं एक पट्टी वर जाईल, चौथ्याला खाली येईल. चार बोटं मिटली की एक फेरी पूर्ण.

त्यानंतर डेव्हिस यांचा ट्रम्पेट सोलो सुरू होतो आणि नेमक्या त्याच जागी ड्रमर जिमी कॉब सिंबलवर एक ठोका देतात. तो कितीतरी वेळ घुमत राहतो. डेव्हिस बरोबर दोन फेऱ्या, म्हणजे ६४ बार वाजवतात. तोपर्यंत तुमची बोटं आणि कॉब यांचा ठेका एकाच जागी असतील, तर पुढच्या वेळी जॅझचा व्हिडिओ गोंधळ वाटणार नाही.