शिळ्या भाकरीची न्याहारी

शिळ्या भाकरीची न्याहारी : रात्रीच्या स्वयंपाकात केलेली भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळी तशीच, ताकात भिजवून, फोडणी देऊन अथवा विस्तवावर पुन्हा भाजून खाण्याची पद्धत. ती महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके मात्र तिच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहेत. कारण खाचरातील तांदूळ, डोंगरउतारावरील नाचणी आणि रेल्वेमार्गाने आलेला गव्हाचा पाव ही तिन्ही येथे थोड्या अंतरात एकत्र आली. ‘शिळा’ हा शब्द संस्कृत ‘शीतल’ या शब्दापासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘थंड झालेला’ एवढाच आहे; ‘नासलेला’ असा नव्हे. ‘न्याहारी’ हा शब्द फार्सीतून मराठीत आला आहे. शिळी भाकरी ही चुकून उरलेली वस्तू नसून बहुधा हिशेबाने अधिक केलेली असे, ही गोष्ट या पद्धतीच्या मुळाशी आहे.

भूमी व धान्य : सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत मोडतो. येथील वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.हून अधिक आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग पुढे कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. भात हे येथील मुख्य पीक होय. कर्जत येथे १९१९ मध्ये भात संशोधन केंद्र स्थापन झाले आणि ‘कर्जत-१८४’ यांसारख्या वाणांमुळे गावाचे नाव शेतकऱ्यांत सर्वतोमुखी झाले. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतला जातो. खाचरांच्या वरच्या वरकस जमिनीत मात्र नाचणी व वरी ही धान्ये पिकत. त्यामुळे सखल गावांतील कुणबी, आगरी इ. समाजांत तांदळाची भाकरी आणि उतारावरील ठाकर व कातकरी वाड्यांत नाचणीची भाकरी, अशी स्थूल विभागणी दिसे. भात विकून पैसा उभा करावा लागणाऱ्या शेतकऱ्याच्या घरीही वर्षाचा बराच काळ नाचणीच शिजत असे. १०० ग्रॅम नाचणीत सु. ३४० ते ३६५ मिग्रॅ. कॅल्शियम असते, हे प्रमाण तांदळातील कॅल्शियमच्या कितीतरी पट आहे.

रात्रीचा हिशेब : सकाळी चूल पेटविण्यास वेळ, सरपण आणि माणूस ही तिन्ही लागतात. आषाढात आवणीच्या दिवसांत या तिहींची टंचाई असे. सरपण दमट झालेले असे आणि घरातील स्त्रिया उजाडताच खाचरात उतरत. म्हणून रात्रीच्या एकाच जाळावर दोन वेळच्या भाकऱ्या भाजून ठेवणे हा काटकसरीचा मार्ग होता. सकाळच्या भाकऱ्या टोपलीत किंवा दुरडीत फडक्याखाली झाकून ठेवीत. विझत आलेल्या चुलीच्या वैलावर, राखेने झाकलेल्या निखाऱ्यांच्या उबेला ठेवलेली भाकरी पहाटेपर्यंत हळूहळू सुकून कडक व खुसखुशीत होई. रात्रभर मंद आचेवर चालणारी ही क्रिया एक प्रकारचे दुसरे भाजणेच होय. रायगड जिल्ह्यात माघाच्या सुमारास भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात वालाच्या शेंगा भाजण्याची ‘पोपटी’ प्रसिद्ध आहे. भट्टी नसतानाही बंद भांड्यात व मंद उष्णतेत अन्न भाजण्याचे ज्ञान या भागात रुजलेले होते, हे तीवरून दिसून येते.

कृती : तांदळाच्या भाकरीसाठी पाण्याला उकळी आणून त्यात मीठ व पीठ घालतात आणि उकड काढून ती गरम असतानाच मळतात. पिठातील काही स्टार्च आधीच शिजल्यामुळे ही भाकरी कच्च्या पाण्यात भिजविलेल्या पिठाच्या भाकरीपेक्षा अधिक काळ मऊ राहते. तरीही सकाळपर्यंत ती ताठ होतेच. मग तिचे तीन प्रकार होतात. पहिल्यात ती तशीच चुरून लसणाची चटणी, भाजलेले सुकट किंवा बोंबील, अथवा आदल्या रात्रीचे वालाचे बिरडे यांबरोबर खातात. अलीकडच्या काळात कोऱ्या वा दुधाच्या चहात बुडवून खाण्याचा प्रघात पडला. दुसऱ्यात ती कुस्करून ताकात भिजवितात व मीठ, कांदा आणि हिरवी मिरची घालतात. तिसऱ्या प्रकारास कुस्करा किंवा फोडणीची भाकरी म्हणतात. त्यासाठी भाकरीचा चुरा करून त्यावर ताकाचा किंवा पाण्याचा हबका मारून तो थोडा वेळ मुरू देतात. नंतर तेलात मोहरी, मिरची, कांदा व हळद यांची फोडणी करून त्यात चुरा परततात आणि झाकण ठेवून वाफ आणतात. उरलेला भात रात्री पाण्यात घालून सकाळी आंबूस झाल्यावर खाण्याची रीत याच कुळातील असून ओडिशातील ‘पखाळ’ व बंगालमधील ‘पांता भात’ हे तिचे भाऊबंद होत.

शिळेपणाची कारणमीमांसा : भाकरी शिळी होणे म्हणजे केवळ सुकणे नव्हे. भाजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व त्यांची मूळची स्फटिकी रचना मोडते. थंड होताना त्यातील रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन घट्ट रचना करू लागतात व त्यामुळे भाकरी ताठ होते. ओलावा देऊन पुन्हा उष्णता दिली की ही रचना बऱ्याच अंशी सैल पडते. ताकाचा हबका आणि झाकणाखालची वाफ यांचे कार्य हेच होय. शीतकपाटाच्या तापमानात ही घट्ट होण्याची क्रिया अधिक वेगाने होते, म्हणून तेथे ठेवलेली भाकरी किंवा पाव लवकर कडक होतो. थंड झालेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही व तंतूंप्रमाणे पुढे जातो. मात्र शिळ्या अन्नाचे सर्वच प्रकार सारखे निर्धोक नसतात. भाकरीचा पृष्ठभाग कोरडा असल्याने ती रात्रभर टिकते. ओला भात उबदार जागी झाकून ठेवल्यास त्यात बॅसिलस सीरियस या सूक्ष्मजंतूची वाढ होऊन विषबाधा होऊ शकते.

धर्मशास्त्र व लोकाचार : संस्कृत ग्रंथांत शिळ्या अन्नास ‘पर्युषित’ अशी संज्ञा आहे. भगवद्‌गीतेच्या सतराव्या अध्यायात ते तामस आहारात गणले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात काही सवलत दिसते : तूप-तेलयुक्त शिळे अन्न, तसेच स्निग्ध नसले तरी जव, गहू व दूध यांचे पदार्थ खाण्यास हरकत नाही, असे तेथे सांगितले आहे. तांदूळ व नाचणी यांचा त्या सवलतीत उल्लेख नाही. म्हणजे कोकणातील कष्टकऱ्याची रोजची न्याहारी शास्त्राच्या अनुज्ञेबाहेरच राहिली. लोकाचाराने मात्र आपली वाट वेगळी काढली. श्रावण शुद्ध सप्तमीस शीतलेच्या व्रतात चूल न पेटविता आदल्या दिवशी शिजविलेले अन्नच खातात. लग्नातील भाकरतुकडा ओवाळून टाकण्याची रीतही भाकरीस असलेले मंगल स्थान दर्शविते. एकच वस्तू एका ठिकाणी हीन, तर दुसऱ्या ठिकाणी पवित्र मानली गेली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

शिळे आणि उष्टे : शिळ्या भाकरीचा सामाजिक इतिहास ती किती तासांची आहे यापेक्षा ती कोणाच्या हातून कोणाकडे जाते यावर अधिक अवलंबून आहे. स्वतःच्या घरात हिशेबाने ठेवलेली भाकरी ही न्याहारी. दुसऱ्याच्या दारात मिळालेली तीच भाकरी ही लाचारी ठरे. घरातही तिची वाटणी सारखी नसे. ताजे पुरुषांना व मुलांना आणि शिळे सुनेला, असा क्रम अनेक कुटुंबांत रूढ होता. गावगाड्यात महारांना गावकीच्या कामाबद्दल घरोघर भाकरी मागण्याचा ‘हक्क’ होता. त्यात कामाचा मोबदला आणि अपमान एकाच टोपलीत पडत. १९–२० मार्च १९२७ रोजी याच जिल्ह्यातील महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याबरोबरच इतरांनी टाकलेले उष्टे तुकडे न खाण्याचा निर्धार करण्यास सांगितले. चवदार तळ्याच्या पाण्याचा सत्याग्रह सर्वविश्रुत आहे; त्याच परिषदेत अन्नाचाही प्रश्न मांडला गेला होता, याचा मात्र अनेकदा विसर पडतो. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली व भाकरीच्या या हक्काचा कायदेशीर आधारही संपला.

कर्जत तालुक्यात हाच प्रश्न कर्जाच्या रूपाने उभा होता. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की शेतकरी व आदिवासी सावकाराकडून दाणे उचलीत आणि सुगीस ते वाढीने फेडीत. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल (१९१२–४३) यांनी या पिळवणुकीवर उपाय म्हणून तालुक्यात धान्यकोठारे उभारली. पुढे ते १९४२ च्या लढ्यात ‘आझाद दस्त्या’चे नेते झाले व २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. उद्याच्या सकाळसाठी रात्री भाकरी राखून ठेवता येणे हे कणगीत दाणे असण्यावर अवलंबून होते. कोळसा पाडण्यासाठी किंवा वीटभट्ट्यांवर वर्षातील अनेक महिने स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांना शिळी भाकरी उरविणे हीसुद्धा अनेकदा न परवडणारी चैन असे.

पावाचे आगमन : ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज असून पदार्थही पोर्तुगिजांबरोबर कोकणच्या किनाऱ्यावर आला. अंतर्भागात तो पसरण्यास रेल्वे कारणीभूत झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग खुला झाल्यावर कर्जतचे महत्त्व वाढले. घाट चढण्यासाठी गाडीला जादा एंजिन जोडण्याकरिता गाड्या येथे थांबत. या थांब्यामुळे फलाटावर खाद्यपदार्थांचा धंदा वाढला व पुढे कर्जतचा वडापाव प्रवाशांत प्रसिद्धी पावला. १९०७ मध्ये नेरळ–माथेरान लोहमार्ग सुरू झाला. १९१५ मध्ये खोपोली येथे टाटांचे जलविद्युत्-केंद्र कार्यान्वित झाले. प्रवासी, रेल्वे कर्मचारी व कामगार यांच्या वस्तीत पाव हे सकाळचे सोयीचे अन्न ठरले. भारत सरकारने १९६५ मध्ये स्थापन केलेल्या मॉडर्न बेकरीज या उद्योगाने कापीव पाव शहरांतून सर्वपरिचित केला.

गव्हाचा पाव शिळा झाला की त्याचे काय करावे, याची उत्तरे गहू खाणाऱ्या देशांत पूर्वीच शोधली गेली होती. आपीसियुसच्या नावावर असलेल्या रोमन पाकसंग्रहात पाव दुधात भिजवून तळण्याची व वर मध घालण्याची कृती आहे. फ्रान्समध्ये अशाच पदार्थास ‘वाया गेलेला पाव’ या अर्थाचे नाव आहे. इंग्लंडमध्ये पावाचे पुडिंग रूढ झाले. उत्तर अमेरिकेत पावाचे थर अंडी, दूध व चीज यांत रात्रभर मुरवून सकाळी भट्टीत भाजण्याची न्याहारी लोकप्रिय आहे. मुंबईतील पारशी व इराणी उपाहारगृहांतून पुडिंग मराठी माणसाच्या ओळखीचे झाले. या पदार्थांचे आणि कुस्कऱ्याचे तत्त्व एकच आहे : ताठ झालेल्या स्टार्चला ओलावा, मुरण्यास वेळ आणि पुन्हा उष्णता. भेद आहे तो साधनसामग्रीचा. तेथे अंडी, दूध व भट्टी. येथे ताक, चमचाभर तेल व चूल. त्यामुळे भट्टीत भाजलेली पावाची न्याहारी कर्जत–खालापूरच्या खेड्यांत रुजली नाही. पण घरात पाव उरला, तर त्याचे तुकडे भाकरीप्रमाणेच फोडणीस पडू लागले.

सद्यःस्थिती : स्वयंपाकाचा गॅस, शीतकपाट आणि शिधापत्रिकेवरील गहू यांमुळे रात्रीच्या भाकरीचा जुना हिशेब बदलला आहे. सकाळी उपनगरी गाडीने मुंबई–ठाण्याकडे नोकरीस जाणाऱ्यांच्या डब्यात पोळी असते. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो व त्याच्या दुतर्फा तयार खाद्यपदार्थांचा व्यापार वाढला आहे. नाचणीचे क्षेत्र घटले, तरी आरोग्यास हितकर म्हणून शहरांत तिला नव्याने मागणी आहे. ज्या घरांत भाकरी अजून होते, तेथे कुस्करा टंचाईमुळे नव्हे, तर चवीसाठी केला जातो. गरज संपल्यावरही पदार्थ टिकून राहिला आणि तो खाणाऱ्याच्या माथी असलेला कमीपणा बऱ्याच अंशी ओसरला, हा या दोन तालुक्यांच्या अन्नव्यवहारातील महत्त्वाचा बदल होय. तथापि स्थलांतरित मजुरांच्या वस्त्यांत रात्रीची भाकरी सकाळसाठी राखण्यामागे अद्यापि जुनेच कारण आहे.