हेडनची रोजनिशी

बेंजामिन हेडनला (१७८६–१८४६) इतिहासातले प्रसंग भिंतीएवढ्या कॅनव्हासवर रंगवायचे होते. इंग्लंडच्या श्रीमंतांना हव्या होत्या स्वतःच्या तसबिरी! हजरत ईसांच्या जेरुसलेम-प्रवेशाच्या चित्रावर त्याची सहा वर्षे गेली. गर्दीत त्याने कवी कीट्सचाही चेहरा रंगवला. कर्ज वाढले, अनेकदा तुरुंग घडला. १८०८ पासूनच्या रोजनिशीत दुआ आहेत, सावकार आहेत, मुलांचे मृत्यू आहेत आणि बढाई तर भरपूर. १८४६ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये त्याने प्रदर्शन मांडले. त्याच इमारतीत टॉम थंब या बुटक्या मुलाला पाहायला हजारोंची झुंबड. हेडनने आठवड्याचे प्रेक्षक मोजून लिहिले : साडे एकशे तेहतीस. अर्धा प्रेक्षक म्हणजे एक लहान मुलगी. २२ जूनला शेवटची नोंद करून त्याने आयुष्य संपवले. मला त्याच्या चित्रांपेक्षा ही रोजनिशीच मोठी वाटते.