वेग वाढला, पण मोजपट्टी कोणाची?



जिंतूरच्या बसस्थानकावर मोबाईलवर ५जी दिसते. येलदरीकडच्या एका वस्तीतली आमची विद्यार्थिनी मात्र शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला टेकाडावर चढते. मोबाईल सारखाच, मग हा फरक का? उत्तर इतिहासात आहे.

भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. तेव्हाचे २जी तंत्र बोलण्यासाठी होते; डेटा सेकंदाला जेमतेम ९.६ किलोबिट, आणि तेवढ्यासाठीही एक वाहिनी एकाच माणसाकडे अडकून राहायची. जीपीआरएसने माहितीचे तुकडे केले आणि एकाच वाहिनीवरून अनेकांची माहिती नेली. 'एज'ने प्रत्येक संकेतात एकाऐवजी तीन बिट बसवले. ३जीने रुंद लहरपट्टा वापरला. २०१२ मध्ये भारतात आलेल्या ४जीने त्या पट्ट्याच्या शेकडो बारीक वाहिन्या केल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी आले.

पण मेख इथेच आहे. एका संकेतात जितके जास्त बिट कोंबाल, तितका तो संकेत स्वच्छ मिळावा लागतो. टॉवरपासून लांब गेलात की संकेत क्षीण होतो, वेग घसरतो. जाहिरातीतला वेग हा टॉवरजवळच्यांचा वेग असतो!

५जीचे निकष आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात ठरत होते, तेव्हा ग्रामीण चाचणीसाठी दोन टॉवरमधले अंतर १,७३२ मीटर धरले होते. हे कुठले खेडे? भारतीय प्रतिनिधींनी आग्रह धरला आणि २०१७ मध्ये ६ किलोमीटर अंतराची चाचणीही निकषांत आली. त्यासाठी आयआयटी मद्रास आणि आयआयटी हैदराबाद येथे घडलेले '५जीआय' हे तंत्र २०२० मध्ये मान्य झाले, पुढे जागतिक ५जीतच मिसळले.

बाबासाहेब गोलमेज परिषदेत प्रतिनिधित्वासाठी का भांडले, हे यातून पुन्हा कळते. जिथे नियम ठरतात तिथे आपण नसलो, तर मोजणीतही नसतो.

अर्थात, निकष बदलल्याने टॉवर उभा राहत नाही. तो कमाई पाहून उभा राहतो. निकषात खेडे आले, पण खेड्याबाहेरची वस्ती आली का?

म्हणून ग्रामसभेत टॉवरचा प्रश्न विचारा. आणि इंजिनिअरिंग करणाऱ्या भावाबहिणींनो, फक्त नोकरी शोधू नका. निकष ठरवणाऱ्या समित्यांपर्यंत पोहोचा.

जयभीम!