पहिलवानाचा खुराक

हिंजवडीच्या जिममध्ये हल्ली प्रोटीनचे डबे दिसतात. आयटी पार्क येण्याआधी, हा भाग भातशेतीचा होता तेव्हा, मुळशी तालुक्यातल्या तालमींत एकच शब्द चालायचा: खुराक.

शब्द मूळचा फारसी. तिकडे त्याचा अर्थ नुसतं खाणं. मराठी तालमीत मात्र त्याला वेगळं वजन आलं. भाजी-भाकरीला कुणी खुराक म्हणत नाही, ते जेवण. जेवणाच्या वर, अंगमेहनत पेलावी म्हणून जे ठरवून दिलं जातं तो खुराक. तो 'लावतात'.

थंडाईचंच पाहा. रात्री भिजवलेले बदाम सोलायचे, कुंडीत टाकायचे आणि कडुनिंबाच्या दांड्यानं घोटत बसायचं. सोबत खसखस, बडीशेप, मिरी, वेलची. बोटांत कण लागेनासा झाला की दूध ओतायचं. हे घोटणंही व्यायामातच धरलं जातं. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं, तेही याच परंपरेतलं.

शर्यतीच्या बैलालाही खुराकच असतो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा हा खर्च कशासाठी करायचा, हा प्रश्न बैलवाल्यांपुढे उभा राहिला. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि गोठ्यांत पुन्हा खुराक सुरू झाला.

बैलाचा असो की पहिलवानाचा, खुराक स्वतःच्या कमाईतून क्वचितच भागतो. त्यामागे कुणीतरी उभं असावं लागतं. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज तसे उभे राहिले. त्यांनी मल्लांना दरबारचा आश्रय दिला, कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं. 1912 साली ते खुलं झालं. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि तो दरबारी हात सुटला. पुढं कुस्तीगीर परिषदेच्या रूपानं कुस्तीला आधार देणारे मामासाहेब मोहोळ मुळशीतल्याच मुठे गावचे. 1961 पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. विजेत्याची चांदीची गदा मोहोळ कुटुंबाकडून दिली जाते.

पण गदा मिळते एकालाच. बाकीच्या शेकडो पोरांचा खुराक घरचेच पुरवतात, बक्षिसाची खात्री नसताना, वर्षानुवर्षं. अशा घरात दूध डेअरीला घालण्याआधी पोराचा तांब्या भरला जातो.